हा बारशिंगा कितीचा?

आईचं नागपूरचं घर रिकामं करायचं ठरलं, तेव्हा कपाटं, भांडी, पुस्तकं यांची वाटणी एका दुपारात उरकली. अडलं ते एका चित्रापाशी. बाबा बँकेच्या नोकरीत भोपाळला होते, त्या काळात त्यांनी ते घेतलं होतं. जाड कागदावर शाई आणि ॲक्रिलिक रंग, दोन फूट बाय तीन फूट. मातकट पिवळ्या पार्श्वभूमीवर एक बारशिंगा मान वळवून उभा आहे. त्याची शिंगं वर जाता जाता झाड होतात, त्या झाडावर सात-आठ पक्षी, आणि जनावराच्या अंगावर बोटभर जागा मोकळी नाही. सगळीकडे ठिपके, आखूड रेघांच्या रांगा, एकात एक बसवलेल्या कमानी. गोंड चित्र म्हणून आता कुणीही चटकन ओळखेल अशा प्रकारातलं. आम्हा तिघाही भावंडांना ते हवं होतं. शेवटी किंमत ठरवावी, ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं आणि बाकीच्यांना हिस्सा द्यावा, असं ठरलं.

किंमत ठरवणारी घरातच होती. धाकटी बहीण जे.जे.ला शिकली आणि आता मुंबईत चित्रांचं मूल्यांकन करते. विमा, वारसा, कर्जाचं तारण अशी कामं तिच्याकडे येतात. पण तिचा स्वतःचाही या चित्रात हिस्सा. तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं की मी आकडा काढणार असेन तर चित्र मी घेणार नाही, आणि शेजारी एक तिऱ्हाईत बसवा. तिऱ्हाईत म्हणून मामांना बोलावलं. मामा वनखात्यातून निवृत्त झालेले. पेंच, मेळघाट, नवेगाव यात आयुष्य गेलेलं. चित्रातलं आपल्याला काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. हरणातलं कळतं, हे सांगावं लागत नाही.

मी टिपणं घेत होतो. मधली चहाची आणि फोनची लुडबुड गाळून बोलणं पुढे देतो आहे.

मामा : आधी मला सांग, हे जनावर कोणतं?

भाची : बारशिंगा.

मामा : कशावरून?

भाची : शिंगांवरून.

मामा : शिंगांना तर पानं फुटली आहेत अन् त्यांच्यावर पोपट बसला आहे. शिंगं सोड, कातडं बघ. अंगभर ठिपके. ठिपके म्हणजे चितळ. चितळाच्या एका शिंगाला तीन टोकं असतात. बारशिंग्याला दोन्ही शिंगं मिळून दहा-बारा, कधी चौदा. म्हणजे शिंगं एकाची, कातडं दुसऱ्याचं. माझ्या एखाद्या वनरक्षकाने पंचनाम्यात असं लिहून आणलं असतं, तर मी कागद परत पाठवला असता.

भाची : हा पंचनामा नाही नं, मामा.

मामा : मग काय आहे? वन्यजीवाचं चित्र म्हणता, तर वन्यजीव दिसू दे की त्यात. जंगलातलं जनावर लपायला बघतं. हे बघा म्हणून सांगत उभं राहत नाही. इथे तर लग्नाच्या घोड्यासारखा सजवून ठेवला आहे. दिवाणखान्यात छान दिसतो, मी नाही म्हणत नाही. पण छान दिसणं आणि खरं असणं यात काही फरक करशील की नाही?

भाची : तुमच्या लेखी खरं चित्र कोणाचं?

मामा : मन्सूरचं. जहांगीरच्या दरबारातला. त्याचा सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. पायाचे सांधे, पंखांची टोकं, डोळ्याभोवतालचं कातडं, सगळं जिथल्या तिथे. सालिम अलींच्या पुस्तकात घालावा असा. चारशे वर्षांपूर्वी माणसाला हे जमत होतं.

भाची : मग मन्सूरचीच गोष्ट सांगते. 1621 साली जहांगीरला एक झेब्रा नजर झाला. दरबारात कुणी आधी झेब्रा पाहिला नव्हता. लोकांना वाटलं, कुणीतरी जनावराच्या अंगावर पट्टे रंगवून आणलेत. नीट तपासणी झाली, तेव्हा कळलं की पट्टे जन्मजात आहेत. बादशहाने आपल्या आठवणींमध्ये हे लिहून ठेवलं आहे. मन्सूरने काढलेलं त्या झेब्र्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तेव्हा खरं जनावरसुद्धा सजवलेलं वाटू शकतं, मामा.

मामा : वाटेल. पण नीट बघणाऱ्याला नाही वाटणार. झेब्र्याचा पट्टा अंगाच्या वळणाने जातो. मानेवर उभा, मांडीवर येता येता आडवा, पायावर बांगडीएवढा. बाहेरून रंगवणाऱ्याला ती वळणं साधायची नाहीत. कुठेतरी पट्टा सरळ जाईल आणि अंग वळेल, तिथे तो सापडेल.

भाची : हेच. मी या चित्रात हेच तपासायला बसले आहे.

वादाला खरी सुरुवात इथे झाली, असं मला वाटतं. तोवर दोघं आपापल्या ठरलेल्या जागेवरून बोलत होते आणि तसे वाद आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. एकाने म्हणायचं, हे निसर्गाला धरून नाही. दुसऱ्याने म्हणायचं, कला म्हणजे नक्कल नव्हे. मामांनी झेब्र्याच्या निमित्ताने जी कसोटी सांगितली ती मात्र कामाची होती. बहिणीने भिंतीवरून चित्र उतरवलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि मोबाइलची बत्ती बाजूने तिरपी धरली.

भाची : आधी हे छापील आहे की हाती रंगवलेलं, ते बघू. तिरप्या उजेडात प्रत्येक ठिपक्याला सावली पडते आहे, दिसते? ॲक्रिलिकचा ठिपका वाळला की जरा वर उचललेला राहतो. डिजिटल छपाईत पृष्ठभाग सपाट असतो, आणि भिंगाखाली चार रंगांचे बारीक कण दिसतात. आता मानेकडे या. मान डावीकडे वळली आहे. वळणाच्या आतल्या बाजूला रेघा एकमेकींजवळ आल्या आहेत, बाहेरच्या बाजूला फाकल्या आहेत. कुठेही गडद-फिकट करून गोलाई दाखवलेली नाही, सावली म्हणून नाही. तरी मान गोल वाटते की नाही?

मामा : वाटते.

भाची : ते काम नक्षी करते आहे. बाह्यरेषा काढून आतली जागा नुसती भरून टाकली असती, तर मान सपाट राहिली असती. बाजारात अशी शेकड्याने मिळतात. हत्ती असो, मोर असो, मासा असो, आत तेच ठिपके, त्याच रांगा. नक्षी उचलून दुसऱ्या प्राण्यात ठेवली तरी चालेल, अशी. तसं असेल तर मी त्याला शोभेची वस्तू म्हणते आणि फ्रेमच्या किमतीहून फार वर जात नाही.

मामा : थांब जरा. मला चष्मा दे. ... हा फऱ्यापाशी रोख बदलला आहे. खांद्याचं हाड जिथे कातडीखाली सरकतं, तिथे रेघा गोल फिरल्या आहेत. अन् पुढचा उजवा पाय बघ. खूर पुरता टेकलेला नाही. सावध झालेलं हरीण पाय असा उचलून धरतं, मग आपटतं. कान पण दोन दिशांना आहेत, एक आपल्याकडे, एक मागे. हे पुस्तकात बघून काढलेलं नाही.

भाची : आणि ठिपके?

मामा : (बराच वेळ बघून) उन्हाळ्यात बारशिंग्याचं कातडं तांबूस होतं. तेव्हा पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना फिकट ठिपक्यांची ओळ दिसते. चितळासारखे ठळक नाहीत, पण असतात. इथे कण्यालगतचे ठिपके मोठे काढले आहेत, बाकीचे बारीक. असू शकतं. पण पोटावरचे काही मला मान्य नाहीत.

भाची : पोटावरचे मी पण सोडून देते. आता शिंगांचं बोलू. त्यांचं झाड का केलं असेल?

मामा : शोभा. दुसरं काय.

भाची : तुम्ही सांगा नं, शिंग कसं वाढतं?

मामा : हरणाचं शिंग हाडाचं असतं अन् दरवर्षी गळतं. मग नव्याने फुटतं. फुटताना वर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यात रक्तवाहिन्या खेळत असतात. वाढ पुरी झाली की कातडी वाळते, जनावर झाडाच्या बुंध्याला घासघासून ती काढून टाकतं. काही महिन्यांनी परत शिंग गळतं, परत... (थांबून) हं. म्हणजे पानगळ आणि पालवी.

भाची : मी काही बोलले नाही.

मामा : पण मग असं बघ. काळविटाच्या किंवा नीलगायीच्या डोक्यावर कुणी असं झाड उगवलं, तर ते चुकलं. त्यांची शिंगं गळत नाहीत, जन्मभर तीच राहतात.

भाची : ही कसोटी माझ्या एकाही पुस्तकात नाही, मामा. आता ती मी वापरणार. आजकाल गोंड चित्र म्हणून विकतात त्यात काळविटाला पण झाड फुटलेलं असतं आणि बैलाला पण. ज्याने पहिल्यांदा काढलं त्याला गळणारं शिंग ठाऊक होतं. नकलाकाराने फक्त आकार उचलला.

मला हे त्या दुपारचं सर्वांत मोलाचं बोलणं वाटलं. सजावट आणि निरीक्षण ही दोन टोकं आहेत, असं आपण धरून चालतो. प्राण्यांचं शास्त्रशुद्ध चित्र एका बाजूला, भिंत भरायला काढलेलं दुसऱ्या बाजूला. पण उत्तम शैलीदार चित्रात निरीक्षण गाळलेलं नसतं. ते आटवून दाट केलेलं असतं. गोंड चित्रकार भज्जू श्याम 2002 मध्ये लंडनच्या एका रेस्तराँच्या भिंती रंगवायला गेले आणि परतल्यावर त्यांनी ‘द लंडन जंगल बुक’ केलं. त्यात बिग बेनचा मनोरा आणि कोंबडा एकच होतात, कारण गावात वेळ सांगतो तो कोंबडा. वरवर बघणाऱ्याला ती गंमत वाटते. पण एवढ्या अनोळखी शहरातल्या घड्याळाचं नेमकं काम कोणतं, हे त्यांना दिसलं होतं.

यानंतर मामांनी मोर्चा वळवला.

मामा : ठीक आहे, चित्रकाराला जनावर कळलं होतं. पण मग हजारो वर्षांची आदिम कला वगैरे जे लिहितात, त्याचं काय? माझी अर्धी नोकरी गोंडांच्या गावांमध्ये गेली. घरांवर नक्षी पाहिली, मातीचे उठाव पाहिले. असलं शिंगांचं झाड एकाही भिंतीवर पाहिलं नाही.

भाची : कारण ते नव्हतंच. ते हजारो वर्षांचं वगैरे माहितीपत्रकातलं. भिंतीवर आणि जमिनीवर काढायचे ते ‘डिग्ना’ नावाचे भौमितिक नमुने; चुईमाती, गेरू, काळी माती यांचे रंग. आज आपण गोंड चित्र म्हणतो ते साधारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं आहे आणि बरंचसं एका माणसाच्या हातून घडलं आहे. जनगढ सिंह श्याम. गाव पाटणगढ, आताच्या दिंडोरी जिल्ह्यातलं. भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहत होतं, तेव्हा चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तरुण चित्रकारांना गावोगाव पाठवलं. त्यांना 1981 मध्ये हा पोरगा सापडला. 1982 मध्ये भारत भवन उघडलं, तेव्हा त्याची चित्रं तिथे होती. 1989 मध्ये तो पॅरिसला पाँपिदू सेंटरच्या प्रदर्शनात होता. हातात पोस्टर कलर आले, कागद आला, पुढे रोट्रिंग पेन आलं. ठिपके आणि रेघांची ही भाषा तिथून घडली. तिला पुढे नाव पडलं, जनगढ कलम.

मामा : म्हणजे ही लोककला नाहीच? एका चित्रकाराची शैली म्हणायची?

भाची : मी तसंच म्हणते. पण ती हवेतून आली नाही. जनगढ परधान होता. परधान म्हणजे गोंडांचे गायक. ठरावीक वर्षांनी यजमानाच्या दारी जायचं, बाना वाजवायचा, बडादेवाची आणि घराण्याची गाणी म्हणायची. यजमान गरीब होत गेले, तसा तो रिवाज आटला. गाण्यात जे सांगत होते ते कागदावर आलं.

मामा : बडादेव साजाच्या झाडात राहतो. साजा म्हणजे आपला ऐन. त्याला कुऱ्हाड लावायची तर आमच्याकडचे गोंड मजूर आधी हात जोडायचे. खात्याला नोंद फक्त घनमीटरची.

भाची : मग सजावट म्हणून सोडून देऊ नका नं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी 2011 मध्ये ‘भीमायन’ काढलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं चित्रपुस्तक. त्यात प्रेमाने बोलणाऱ्या माणसाच्या संवादाचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे, आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. लहान भीमाला पाणी नाकारतात, ते शब्द नांगीतून येतात. याला नुसती शोभा म्हणाल?

मामा : नाही म्हणणार. पण ते पुस्तक झालं. हे भिंतीवरचं आहे अन् भिंतीवरच्या जनावरांवरच माझा राग आहे. ऐक. कान्हाला बारशिंगा 1970 मध्ये 66 वर आला होता. सहासष्ट! जगात ही कडक जमिनीवर राहणारी जात उरली ती तेवढीच. कुंपण घालून, गवत राखून, वाघापासून जपून ती वाढवली. आज हजाराच्या घरात आहे, 2015 पासून सातपुड्यातही नेऊन सोडली. हे खात्याचं काम आहे अन् मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच कान्हातून बैगांची अन् गोंडांची गावं उठवली. आता बाहेर रिसॉर्ट झाले. त्यांच्या स्वागतकक्षात काय असतं? भिंतभर गोंड बारशिंगा! माणूस उठवला अन् त्याची नक्षी आत आणून लावली. आलेला पाहुणा तिच्यापुढे फोटो काढतो. जनावराचं काय, माणसाचं काय, त्याला काय समजलं?

भाची : रिसॉर्टच्या भिंतीचा दोष चित्रकाराच्या माथी का मारता? ती भिंत रंगवून त्याच्या घरी चार पैसे जात असतील तर जाऊ देत.

मामा : जात असतील तर. किती जातात?

भाची : भिंत रंगवायला गावातला माणूस बोलावला असेल, तर रोजाने. फाइल डाउनलोड करून वॉलपेपर छापला असेल, तर शून्य. तुमचा राग तिथे खरा आहे. आणि त्यावर उपाय म्हणून जे होतं, तेही पुरत नाही. 2023 मध्ये मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण ते प्रदेशाचं मानांकन आहे. चित्र कोणी काढलं, हे ते सांगत नाही. आपल्या वारलीला ते कधीच मिळालं आहे. वारलीचे त्रिकोण चहाच्या कपावर यायचे थांबले का?

मामा : म्हणजे शेवटी सहीवर येऊन थांबलीस. जनावर कसं उभं आहे, रेघ कशी वळली आहे, ते सगळं बोलायला. पैसे द्यायचे ते सहीला.

भाची : बाजार तसाच आहे, मी नाकारत नाही. 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीजच्या लिलावात जनगढचं 1988 मधलं एक चित्र, ‘लँडस्केप विथ स्पायडर’, 31,250 डॉलरला गेलं. त्याच आकाराचं, तितकंच चांगलं, पण नाव नसलेलं चित्र त्याच्या शंभराव्या हिश्शालाही जाणार नाही.

मामा : अन् जनगढला त्यातलं काय मिळालं?

भाची : तो 2001 मध्येच गेला. जपानमध्ये निगाता प्रांतातल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढत होता. तिथेच त्याने जीव दिला.

यावर मामांनी काही विचारलं नाही आणि बहिणीनेही पुढे सांगितलं नाही. सहीच्या मोलाला एक सरकारी बाजूही आहे. पुरावस्तू आणि कलाठेव्यांच्या 1972 च्या कायद्याखाली सरकारने नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली आहेत. रविवर्मा, टागोर, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशी ती नावं. त्यात एकही आदिवासी चित्रकार नाही. ही यादी मी नंतर बघितली, त्या दुपारच्या बोलण्यात ती आली नव्हती.

मग फ्रेम उघडायची ठरली. बाहेरून सहीचं ‘श्याम’ एवढं आडनाव आणि ‘2004’ दिसत होतं. पहिलं नाव माउंटच्या पुठ्ठ्याखाली गेलं होतं. मागचा हार्डबोर्ड गंजक्या खिळ्यांनी ठोकलेला. तो काढल्यावर कागदाच्या पाठीवर पूर्ण नाव, गाव पाटणगढ आणि भोपाळचा एक जुना पत्ता पेन्सिलीने लिहिलेला सापडला. नाव फार गाजलेलं नाही, म्हणून इथे देत नाही. पण बहिणीने ते ओळखलं. जनगढच्या नंतरच्या पिढीतला, दिल्ली-भोपाळच्या प्रदर्शनांमध्ये दिसणारा माणूस.

भाची : आता चित्राची तब्येत. काचेला कागद टेकलेला आहे, दोन ठिकाणी चिकटला आहे. हार्डबोर्डमधलं आम्ल कागदात उतरलं आहे, म्हणून कडा तपकिरी झाल्या. हे बुरशीचे डाग. खिडकीसमोर लावल्यामुळे पिवळा उडाला आहे. माउंटखाली दबलेल्या पट्टीत मूळ पिवळा अजून आहे, बघा किती फरक आहे. आणि ही चिकटपट्टी ज्याने लावली त्याला...

मामा : बाबांनीच लावली असेल. सोड. मला हे पक्षी सांग. मी मघापासून बघून राहिलो. हे कोणते?

भाची : तुम्हीच सांगा.

मामा : कोणतेच नाहीत. चोच पोपटाची, शेपूट कोतवालाचं, पाय कोंबडीचे. ज्याला हरणाचा उचललेला खूर दिसतो, त्याला पक्ष्याचा पाय दिसत नाही?

भाची : मला तेच म्हणायचं होतं, पण मी रेघेवरून म्हणते. मानेवरची रेघ घ्या. सुरुवातीला जाड आहे, हात उचलताना बारीक होत जाते. फऱ्यावर दाब वाढला आहे, पोटाशी सैल झाला आहे. आता पक्ष्यावरची रेघ. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी, सावध, कुठेही श्वास घेतलेला नाही. पानांवर पण तीच. आठही पक्ष्यांत एकच नक्षी. इथे दुसरा हात आहे.

मामा : दुसरा हात? म्हणजे नकली?

भाची : नाही हो. ही पद्धतच आहे. जनगढने भोपाळच्या घरी गावाकडचे पुतणे-भाचे आणून ठेवले होते. तो बाह्यरेषा काढायचा, पोरं आत भराई करायची. भज्जू श्याम असेच शिकले. आधी भोपाळला रखवालदारी केली, मग काकांकडे भराई. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा भराई करणारा पोरगा हलका, असं समजू नका. पुढे प्रत्येकाने आपली वेगळी नक्षी बांधली, कुणी साखळीची, कुणी बियांची. तीच त्यांची खरी सही. कोपऱ्यातलं नाव खोडलं तरी जाणकार नक्षीवरून माणूस सांगतो.

मामा : अन् ज्याची नक्षी अजून बांधली गेली नव्हती, त्याने हे पक्षी भरले.

भाची : बहुधा. बायको असेल, धाकटा भाऊ असेल, शेजारचा मुलगा असेल.

मग आकड्यावर आले. एका चित्राची किंमत एकच नसते, हे मला त्या दिवशी कळलं. विम्यासाठी धरायची ती वेगळी. चित्र जळालं-हरवलं तर त्याच चित्रकाराचं तशाच दर्जाचं दुसरं आणायला काय लागेल, ती सर्वांत जास्त. निवांत विकलं तर गिऱ्हाईक काय देईल, ती त्याहून कमी. आणि उद्याच्या उद्या पैसे हवे असतील, तर ती त्याहूनही खाली. भावंडांच्या वाटणीला मधली धरायची, यावर दोघांचं पहिल्या झटक्यात एकमत झालं. दुपारभरात तेवढं एकच. बहिणीने कागदावर 30 हजार लिहिले. खाली वर्णन लिहिलं. विषय : बारशिंगा, नर, शिंगांतून वृक्ष. माध्यम : कागदावर शाई व ॲक्रिलिक. चित्रकाराचं नाव, साल, डाग, उडालेला रंग.

मामा : ‘नर’ कशाला लिहिलंस? शिंगं आहेत म्हणजे नरच. त्यापेक्षा ‘उन्हाळी कातडीतला’ लिही.

भाची : लिहिते.

मामा : अन् पक्षी भरणाऱ्याचं कुठे लिहिलं?

भाची : त्याचं नाव नाही आपल्याकडे.

मामा : नाव नसलं तरी माणूस होता नं? तू आत्ता रेघेवरून दाखवलास मला. एक ओळ घाल.

भाची : फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

मामा : शेरा म्हणून घाल. मी साक्षीदार म्हणून सही करणार आहे. मला दोन माणसं दिसली, तर मी एकाची सही करणार नाही.

तिने लिहिलं : ‘पक्षी व पालवीतील भराई बहुधा दुसऱ्या, अज्ञात हाताची.’ मामांनी ओळ वाचली, खाली झोकात सही केली आणि पेन तिच्याकडे परत दिलं. तिने ते पेन घेऊन 30 हजार खोडले आणि 26 हजार केले.

मामा : हे काय?

भाची : दुसरा हात कागदावर आला की किंमत उतरते, मामा.